चाचांना कोंबडीचं पोट कळायचं

"आधी खाली बघा," असं म्हणून ते शेडच्या दारातच उकिडवे बसायचे. समोर तीन हजार कोंबड्यांचा कलकलाट चाललेला असायचा, मालक काळजीनं हात चोळत उभा असायचा, आणि हे गृहस्थ एकाही कोंबडीकडे न बघता जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूस मूठभर उचलायचे. मूठ आवळायची, उघडायची. तूस भुरभुरलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर तो नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पोट बिघडलंय. पर लई न्हाई. घाई कावून करता?"

एवढ्यावर मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मला बघवत नसे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. मी या माणसावर जळत होतो. एक-दोन दिवस नव्हे, चांगली सहा वर्षं. तुमच्याही धंद्यात असा एखादा असेल, ज्याचं नाव निघालं की तुम्हाला एकदम पाणी प्यावंसं वाटतं. माझा तो माणूस म्हणजे हे चाचा.

केजला माझं दुकान आहे. कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात मिसळायच्या पावडरी नि बाटल्या मी विकतो. पोटातले चांगले जंतू वाढवणारी एक, वाईट जंतू हटवणारी दुसरी, मक्याला बुरशी लागली तर तिचं विष बांधून ठेवणारी तिसरी. ब्रॉयलर कोंबडी म्हणजे चाळीस दिवसांची पाहुणी. त्या चाळीस दिवसांत खाल्लेलं अंगी लागलं तर लागलं. पोट बिघडून त्यातले चार दिवस गेले, तर ते पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आमच्याकडे पोट सांभाळणाऱ्याला मान. मी शिकलो बी.कॉम., पण कंपन्यांची दोन-दोन दिवसांची शिबिरं केली, प्रमाणपत्रं काचेत घालून भिंतीवर लावली, आणि लोक मला डॉक्टर म्हणायला लागले. मी कुणाला अडवलं नाही.

त्यात आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणजे ज्या पक्ष्याच्या आतड्यांवर मी कपाळाला भस्म लावून अधिकारवाणीनं बोलायचो, त्याचा रस्साही मी कधी चाखलेला नव्हता. आतडं मी फक्त कंपनीच्या रंगीत तक्त्यावर पाहिलेलं. त्यात ते गुलाबी नि स्वच्छ असतं आणि शेजारी बाण काढलेले असतात.

चाचांनी मात्र तक्ता पाहिलेला नव्हता. ते पूर्वी केजच्या स्टँडवर फळांचा गाडा लावायचे. टरबुजावर टिचकी मारून आत लाल आहे की पांढरं हे सांगायचे, आणि गिऱ्हाइकानं कापून बघा म्हटलं तर त्यांना राग यायचा. पुढे गुडघे बोलायला लागले, दिवसभर उभं राहणं होईना. मग युसूफ वडगावला मेव्हण्याच्या जागेत एक शेड होतं, ते चालवायला घेतलं. पहिल्या वर्षी त्यांच्या कोंबड्या वजनाला इतरांसारख्याच भरल्या. दुसऱ्या वर्षी जरा जास्त भरल्या. तिसऱ्या वर्षी माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन, उलटसुलट करून, परत ठेवायला लागलं.

"काय झालं?" मी विचारायचो.

"न्हाई, चांगलंच असंल. तरी चाचाला इचारून येतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! दुकान माझं, माल माझा, प्रमाणपत्रं माझी, आणि मत कुणाचं, तर टरबूजवाल्याचं. बरं, चाचांनी माझा माल वाईट म्हटला असता तरी बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते म्हणायचे, "डॉक्टरसाबांनी दिलंय न्हवं? मग द्या. पर आधी पाण्याची भांडी घासा." झालं. भांडी घासली, कोंबड्या सुधारल्या, आणि श्रेय भांडी घासायला सांगणाऱ्याला!

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्यांच्या गावाकडून कुणी आलं की मी इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारायचो, "चाचांची पाखरं किती भरली यंदा?" आकडा चांगला निघाला की माझा दिवस वाया. एका उन्हाळ्यात कानावर आलं की उष्म्यानं त्यांची बरीच पाखरं दगावली. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी कळलं, ते शेड दुसऱ्याचं होतं. माझा पडलेला चेहरा बघून बायको म्हणाली, "कोंबड्यांच्या पोटाची औषधं विकता, आता स्वतःच्या पोटदुखीचं काही तरी बघा."

शेवटी म्हटलं, एकदा जाऊन बघावंच, या माणसाकडे आहे तरी काय. काही तरी मुळी असणार, हकिमाचा नुस्खा असणार. वडगावला काम काढून गेलो.

चाचांनी बाज टाकली, कपाटातला काचेचा ग्लास पुन्हा धुऊन त्यात चहा दिला. बायकोला आतून केळी आणायला सांगितली. "आमच्या घरचं दुसरं काय तुमाला चालायचं न्हाई, फळ चालतं," असं अगदी सहज म्हणाले. मग मला शेडभर फिरवलं. काही लपवलं नाही. पत्र्याच्या डब्यात ओवा होता, लसूण होता, हळद होती. मी मनात म्हटलं, सापडलं! आणि डब्याच्या तळाशी बघतो तर माझ्याच दुकानातलं जंतूंच्या पावडरीचं पाकीट, तोंड गुंडाळून, रबर लावून ठेवलेलं.

"हे कुठून आणलं?"

"भाच्याला धाडलतं तुमच्याकडं. म्या सवता आलो की तुमी बाकीचं काम सोडून उठता, मला बरं वाटत न्हाई."

मी उठायचो ते आदरानं नव्हे, तर ते लवकर जावेत म्हणून. त्यांना ते कळलं नव्हतं की कळून त्यांनी असं म्हटलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की कोपऱ्यात एक पाखरू मरून पडलंय. चाचांनी ते उचललं, बाहेर नेलं, अॅल्युमिनियमच्या ताटलीत ठेवलं आणि सुरी काढली. माझ्याकडे बघून थांबले. "डॉक्टरसाब, तुमी तिकडं तोंड करा. म्या सांगतो काय हाय ते."

मग मी भिंतीकडे तोंड करून उभा, आणि पाठीमागून चाचांचा आवाज. "आतडं पातळ झालंय, कागदासारकं. आत फेस हाय. खालेलं दाणं तसंच हायत, पचलं न्हाई. हां, रगत न्हाई बरं का, चांगली गोष्ट हाय." जे तक्त्यावर मी शंभर वेळा पाहिलं आणि शंभर जणांना समजावलं, ते हा माणूस बोटांनी वाचत होता, आणि मी चुन्याच्या भिंतीवरचे पोपडे मोजत होतो. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं जळू नये तर काय करावं?

पुढे एका पावसाळ्यात मला संधी मिळाली. कंपनीची नवी पावडर आली होती. पोटातल्या चांगल्या जंतूंचीच, पण जास्त ताकदीची. पाण्यातून द्यायची. कंपनीच्या माणसानं सांगितलं, एखाद्या शेडवर फरक दाखवून द्या, सगळा तालुका तुमच्याकडे येईल. मी वडगावचंच शेड निवडलं, मुद्दाम. बळीराम नावाचा तरुण शेतकरी होता, चाचांच्या शेडापासून हाकेच्या अंतरावर त्याचं शेड. पाखरं बारा दिवसांची झाली होती. दुकानासमोर चार माणसं चहा पीत होती, त्यांच्यादेखत मी बळीरामला पाकिटं दिली आणि म्हणालो, "आठ दिवसांनी वजन करू. सगळ्यांनी बघायला यायचं. फरक दिसला नाही, तर मला डॉक्टर म्हणायचं सोडा."

आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "चाचांना शेडात येऊ द्यायचं नाही. उद्या सुधारलं, की लोक म्हणतील त्यांनीच केलं."

बळीराम मान खाली घालून "बरं" म्हणाला.

आठ दिवस गेले. वजन वाढायचं राहिलं, उलट पाखरं मलूल झाली. विष्ठा पातळ, तूस ओलं, वास भपकन अंगावर यायचा. बळीरामचा रोज फोन. "डॉक्टर, खायलेत पर अंगी लागंना." मी म्हणायचो, "मात्रा वाढव." तो वाढवायचा. काही होईना. वजनाचा दिवस मी दोनदा पुढे ढकलला. दुकानासमोरची माणसं आता चहा पिताना माझ्याकडे बघून उगाच खाकरायची. माझी पावडर खोटी ठरली असती, तर कंपनीवर ढकलता आलं असतं. पण मी चारचौघांत स्वतःचं नाव पणाला लावून बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अशातच एका दुपारी चाचा दुकानात आले. मी एकटाच होतो. गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढले, बाकावर बसले, पाणी मागितलं. प्याले आणि ग्लास हातात फिरवत म्हणाले, "डॉक्टरसाब, एक इचारायचं व्हतं. लस पाण्यातनं देतो, तवा दोन दिस आधी ब्लीचिंग पावडर बंद करतो. ते कावून?"

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी जरा चिडूनच म्हटलं, "चाचा, लस जिवंत असते. ब्लीचिंगनं मरून जाईल."

"बराबर, बराबर. इसरलोच बघा. उमर झाली." ग्लास खाली ठेवला, उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमची ती नवी पावडर, तीबी जित्तीच असती म्हणं?" आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरून गेले.

मी गल्ल्यावर तसाच बसून राहिलो. पावसाळा लागला आणि बोअरचं पाणी गढूळ यायला लागलं, तेव्हा रोज संध्याकाळी टाकीत ब्लीचिंग टाकायला बळीरामला मीच सांगितलं होतं. आणि सकाळी त्याच टाकीतल्या पाण्यात ते माझे ताकदीचे जंतू. म्हणजे आठ-दहा दिवस मी एका हातानं जंतू सोडत होतो आणि दुसऱ्या हातानं त्यांना मारत होतो. वर मात्रा वाढवत होतो, म्हणजे मेलेल्यांची संख्या वाढवत होतो. पाकिटातले जंतू जिवंत असतात, हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. मला स्वतःला ते कधी खरं वाटलेलंच नव्हतं. माझ्या लेखी ती पावडर होती.

दुकानाचं शटर ओढलं, मोटरसायकल काढली आणि वडगाव गाठलं. बळीरामच्या शेडापाशी पाच-सहा माणसं उभी होती. कुंपणाला टेकून चाचाही होते, ते जीपनं माझ्या आधी पोहोचले होते. मी शिडीवरून टाकीवर चढलो आणि वरूनच ओरडलो, "ब्लीचिंग टाकतोस की काय यात?"

"तुमीच सांगितलतं डॉक्टर. गढूळ पाण्यापायी."

"टाक म्हणालो होतो. पावडरीच्या बरोबर टाक म्हणालो होतो का? अरे, जिवंत जंतू असतात ते! आधी टाकी रिकामी कर, घासून धू, नुसतं ताजं पाणी भर."

सगळा दोष मी त्या बिचाऱ्याच्या माथी मारला. त्यानं मुकाट्यानं टाकी सोडली, आत उतरून घासली. मी वरून व्याख्यान देत होतो. जमलेली माणसं माना डोलावत होती. आणि चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, शिकल्याला माणूस. आपुन पोटापस्तोर जातो, ह्यो पाण्यापस्तोर गेला."

आठवड्यात पाखरं सावरली. विष्ठा घट्ट झाली, तूस कोरडं झालं, शेवटी वजनही बऱ्यापैकी भरलं. लोकांनी मला डॉक्टर म्हणायचं सोडलं तर नाहीच, उलट लांबलांबून यायला लागले. मला हवं होतं ते मिळालं. आणि तिथून माझी खरी आग सुरू झाली. आधी मी त्यांच्या हुशारीवर जळायचो, आता त्यांच्या चांगुलपणावर जळायला लागलो, आणि हे जळणं फार वाईट असतं. हुशारीशी बरोबरी करता येईल अशी आशा तरी असते. मी स्वतःची समजूत घालायचो, की म्हातारा सहज बोलून गेला, त्याला काय कळतंय, शोध माझाच. पण ते दारातलं वाक्य आठवलं, की ही समजूत टिकायची नाही. ते कुणाला काही सांगतील या धास्तीत मी वर्षभर होतो. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. भेटले की "काय डॉक्टरसाब, नवीन काय आलं?" एवढंच.

गेल्या वर्षी चाचा गेले. तीन दिवस ताप होता, अंबाजोगाईला नेलं, तिथेच संपलं. मातीला मी गेलो होतो. एवढी माणसं होती, की मला रस्त्यापासूनच चालावं लागलं. तिथेही माझ्या मनात आलं, आपल्याला एवढी येतील का? अशा ठिकाणी असं मनात येणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

आता माझ्या वाटेत कुणी नव्हतं. "चाचाला इचारून येतो" हे वाक्य बंद झालं. सुरुवातीचा महिनाभर मला बरं वाटलं, हेही खरंच सांगतो. मग एकदा कुणी तरी पाकीट घेतलं, न बघता पिशवीत टाकलं आणि निघालं. मीच त्याला थांबवून म्हणालो, "अरे, कुणाला तरी विचारून तर घे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

परवा बळीराम दुकानात आला. बरोबर एक नवीन शेडवाला होता. बळीराम त्याला म्हणाला, "ह्ये आमचे डॉक्टर. माझी पाखरांची बॅच ह्यांनी वाचवलती." नवीन माणसानं मला नमस्कार केला, पावडर घेतली, बाहेर जीपमध्ये जाऊन बसला. मला राहवेना. बळीरामला आत थांबवलं आणि म्हटलं, "बळीराम, एक सांगायचंय. तुझी बॅच मी वाचवली नाही. ब्लीचिंगची गोष्ट चाचांनी माझ्या लक्षात आणून दिली होती."

दोन वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं मी उतरवलं होतं.

"ठाऊक हाय की," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी यायच्या आदल्या दिशी चाचा शेडात आलते. म्याच बोलावलतं, तुमाला चोरून. टाकीतलं पाणी हुंगलं आन तवाच म्हणले, वतून टाका. तवाच धुतली आमी टाकी. तुमी आला तवा चांगलंच पाणी व्हतं त्यात."

"मग परत कशाला धुतलीस?"

"तुमी धू म्हणले म्हणून."

माझ्या कानशिलांवर ऊन आल्यासारखं झालं. "मी तुला सगळ्यांसमोर बोललो बळीराम. तू गप्प का बसलास?"

"चाचानं सांगितलतं. म्हणले, उद्या डॉक्टरसाब येतील. त्यांना बोलू द्या, रागं भरलं तर ऐकून घ्या. कोंबडीचं पोट आठ दिसांत भरून येतं, माणसाचं नाव एकडाव गेलं की येत न्हाई." बळीरामनं गमछ्यानं तोंड पुसलं. "चांगलं माणूस व्हतं."

"हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

तो हसला. "वडगावात कुणाला ठाऊक न्हाई, ते इचारा."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि बळीराम पायऱ्या उतरून गेला.

आमच्याकडे कुणाची म्हैस व्याली तरी तासाभरात केजच्या स्टँडवर कळतं. आणि सगळ्या वडगावानं एका माणसाच्या शब्दाखातर माझी चूक दोन वर्षं झाकून ठेवली होती. मला रामराम घालत, डॉक्टर म्हणत, माझ्याकडून पाकिटं नेत. तो माणूस गेल्यावरही झाकून ठेवली होती.

मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसलो. माझ्या शब्दाखातर असं कोण किती दिवस गप्प बसेल, म्हणून आठवायला लागलो. बायकोच्या नावापुढे दुसरं नाव सुचेना.